मावशींची वही

नागपूर, बुधवार

मानसिक आजारातून सावरणाऱ्यांच्या आमच्या डे-केअरला आज एक पाहुणे वक्ते आले होते. फळ्यावर 'मी सर्वश्रेष्ठ आहे', 'मला काहीही अशक्य नाही' असं ठळक लिहिलं आणि सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. आवाज त्यांचाच मोठा, बाकीच्यांचे डोळे फरशीवर. मेनियातून, म्हणजे आजारातल्या बेफाम उत्साहाच्या टप्प्यातून, नुकताच सावरणारा एक पोरगा मात्र खुशीत होता. त्याला सर्वश्रेष्ठ म्हणायला लावणं म्हणजे, नको रे बाप्पा!

नंतर कूलरपाशी लिफाफे चिकटवताना महाल भागातून येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, मी लय हुशार हाय म्हनलं का आतून कोनीतरी म्हनते, कायले खोटं बोलून राह्यली?"

अगदी हेच 2009 साली कॅनडात जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं होतं. लोकांना मनात येईल ते लिहायला सांगितलं आणि मध्येमध्ये घंटा वाजली की 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं मनाशी म्हणायचं. ज्यांना मुळात स्वतःबद्दल बरं वाटत होतं त्यांना थोडा फायदा झाला. ज्यांना वाटत नव्हतं ते आणखी खचले. ते रुग्ण नव्हते, हे खरं. पण मावशींचं 'आतलं कोनीतरी' मला त्यात स्पष्ट ऐकू येतं. फ्रान्सचा औषधविक्रेता एमिल कुए शंभर वर्षांपूर्वी लोकांना 20 गाठींची दोरी वापरायला सांगायचा, प्रत्येक गाठीला 'मी दिवसेंदिवस बरा होतोय' म्हणायचं. त्याच्या वाक्यात निदान 'होतोय' होतं. 'आहे' म्हटलं की मन लगेच पुरावा मागतं.

म्हणून पुराव्यापासूनच सुरुवात केली.

"हुशार राहू द्या. आज काय केलं?"

"काही नाही."

"गोळी?"

"घेतली."

"हे लिफाफे?"

त्यांनी एक उचलला, कडेवरून अंगठा फिरवला. "कडा सरळ आल्या ना जी?"

वहीत तेवढंच लिहिलं: 'गोळी वेळेवर घेतली. लिफाफ्याच्या कडा सरळ आल्या.' मोठ्यानं वाचायला सांगितलं तर अडखळल्या नाहीत. गोळ्यांची जागा ही वही घेणार नाही, हे त्यांना दोनदा बजावलं. मान डोलावली.

उद्या त्यांचा मुलगा न्यायला येईल तेव्हा त्यालाही सांगायचंय. रोज 'पॉझिटिव्ह राहा' ऐकवण्यापेक्षा जेवताना 'भाजीत मीठ बरोबर पडलंय' एवढं बोल. जास्त पडलं असेल त्या दिवशी मात्र गप्प बस, मावशींना लगेच कळतं.