शिकारी पक्षी टिपताना एक्स्पोजरशी बसवलेला मेळ : माझा अनुभव

इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या माळरानावर हिवाळ्यात शिकारी पक्ष्यांचे छायाचित्रण करताना फोकसपेक्षा एक्स्पोजरनेच, म्हणजे चित्रासाठी किती प्रकाश घ्यायचा या हिशेबानेच, मला अधिक काळ झुंजवले. भोवत्या (हॅरियर) पक्षी धुरकट पांढऱ्या आकाशातून खाली उतरतो, वाळलेल्या गवतावरून तरंगत जातो आणि पाहता पाहता टेकडीच्या काळसर उतारासमोर येतो. एवढ्या वेळात त्याच्यावर पडणारे ऊन जराही बदललेले नसते, कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर मात्र प्रत्येक पार्श्वभूमीसाठी वेगळा हिशेब मांडते. चौकटीत जे दिसेल ते मध्यम करड्या छटेचे आहे, असे ते गृहीत धरते. त्यामुळे आकाशासमोर पक्षी काळा ठिक्कर पडतो आणि उतारासमोर त्याची पिसे पांढरीफटक होतात.

आकाशासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशेबात आपण केलेली वाढ-घट) एक ते दीड स्टॉप वाढवावे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), असा सल्ला सर्रास दिला जातो आणि पक्षी आकाशातच राहणार असेल तर तो योग्यच आहे. परंतु हाच पक्षी क्षितिजाखाली आला की वाढवलेला तोच प्रकाश त्याला जाळून टाकतो, आणि पक्ष्याचा माग काढत असताना बोटांनी डायल मागेपुढे करत राहणे कोणालाही साधत नाही. म्हणून स्वच्छ ऊन असेल तेव्हा मी सगळे आकडे स्वतः ठरवण्याच्या मॅन्युअल मोडवर आलो. भर उन्हात ॲपर्चर (लेन्समधले प्रकाश आत येण्याचे छिद्र) एफ/१६ ठेवले, तर शटरचा वेग आयएसओच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाशसंवेदनशीलतेच्या, आकड्याइतका ठेवावा, हा जुना ठोकताळा येथे फार उपयोगी पडतो. आयएसओ ४०० असेल तर एफ/१६ला १/४०० सेकंद, म्हणजेच माझ्या लेन्सच्या एफ/६.३ला (एफचा आकडा लहान तसे छिद्र मोठे) सुमारे १/२५०० सेकंद. उडत्या पक्ष्याचे पंख गोठवायला हा वेग पुरेसा आहे. माळावर पोहोचल्यावर मी तळहात उन्हात धरून, चौकट त्यानेच भरून मीटर पाहतो. तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, त्यामुळे काटा अधिक एकवर आला की आकडे जुळले असे समजावे.

खरी पारख यानंतर लागते, कारण हे आकडे मध्यम छटेच्या पक्ष्यासाठी आहेत. कापशी घारीचे पोट आणि चेहरा पांढराशुभ्र असतो. तिच्यासाठी मी शटर १/४०००वर नेतो, म्हणजे दोन तृतीयांश स्टॉप प्रकाश कमी करतो. कोकण किनाऱ्यावरच्या ब्राह्मणी घारीचे डोके व छाती पांढरी आणि बाकी अंग विटकरी असते. तेथेही मी पांढऱ्या पिसांचाच विचार आधी करतो, कारण विटकरी रंग रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने नोंदवलेल्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या माहितीतून) नंतर उजळता येतो, पण छातीवरच्या पिसांच्या बारीक काड्या एकदा पांढऱ्यात विरल्या की कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाहीत. याउलट साध्या घारीच्या गडद तपकिरी अंगावर जपण्यासारखे पांढरे फारसे नसते, म्हणून तिला दोन तृतीयांश स्टॉप जास्त प्रकाश दिला की तिचे डोळे आणि पिसांच्या कडा मोकळ्या होतात. उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र कसे दिसते यावर मी विसंबत नाही; हिस्टोग्राम (चित्रातल्या गडद-उजळ छटांचा आलेख) पाहतो आणि अतिउजळ भाग लुकलुकण्याची सूचना चालू ठेवतो. ही सूचना कॅमेऱ्याने प्रक्रिया केलेल्या जेपेग प्रतिमेवरून मिळते व रॉमध्ये थोडा अधिक वाव असतो, त्यामुळे एखादा लहानसा ठिपका लुकलुकला तरी मी आकडे बदलत नाही.

पंखाखालची बाजू हा वेगळाच प्रश्न आहे. दुपारी सूर्य डोक्यावर असताना ती सावलीतच राहते, आणि प्रकाश वाढवून ती उजळायची म्हटली तर पाठीवरची पिसे जळतात. सकाळी सूर्य खाली असतो तेव्हा मात्र ऊन थेट पंखाखाली शिरते. शिवाय वाळलेले गवत आणि उघडी माती प्रकाश वर परतवतात. सापमार गरुड माळावर एका जागी पंख फडफडवत थांबतो तेव्हा या परतलेल्या प्रकाशात त्याच्या फिकट पोटावरचे तपकिरी पट्टे एकेक करून मोजता येतात. भिगवणला उजनीच्या पाण्यावरून जाणाऱ्या पक्ष्याला हा आधार बराच कमी मिळतो.

संध्याकाळच्या शेवटच्या तासात प्रकाश इतका भराभर उतरतो की दर काही मिनिटांनी तळहाताची चाचणी पुन्हा घ्यावी लागते. याच वेळी भोवत्या पक्षी रात्रीच्या मुक्कामासाठी गवतात जमिनीवर उतरतात. त्या सोनेरी उजेडाच्या मोहाने गाड्या गवतात घातल्या जातात, हे मला अतिशय अयोग्य वाटते; मळलेल्या वाटेवर थांबूनही चांगले छायाचित्र मिळते.

ढग येत-जात असतील त्या दिवशी मॅन्युअलचा हट्ट मी धरत नाही. तेव्हा शटर आणि ॲपर्चर कायम ठेवून आयएसओ स्वयंचलित करतो, ढगाळ आकाशासमोर कॉम्पेन्सेशन अधिक एकच्या पुढे ठेवतो आणि पक्षी गवताच्या पातळीला आला की ते शून्यावर आणून मगच पुढची चित्रे घेतो.