मक्याच्या पेरणीचा धुरळा मधमाश्यांवर तपासताना

फवारणीनं मधमाश्या मरतात हे मधपेट्या ठेवणाऱ्याला सांगावं लागत नाही. पेरणीच्या धुरळ्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. जळगाव जिल्ह्याच्या यावल-चोपडा पट्ट्यात रब्बी मक्याच्या पेरणीत आम्ही तो तपासला. ज्यांना अशी चाचणी करायची आहे, त्यांच्यासाठी हे सगळं लिहितोय.

2018 मध्ये अमेरिकन लष्करी अळी आपल्याकडे आली. तेव्हापासून मक्याच्या बियाण्याला सायॲन्ट्रानिलीप्रोल आणि थायामेथोक्झाम या कीटकनाशकांचं मिश्रण चोळतात, किलोला 6 मिली. न्युमॅटिक प्लांटरमध्ये, म्हणजे हवेच्या ओढीवर चालणाऱ्या पेरणी यंत्रात, पंखा हवा ओढतो, त्या ओढीनं दाणा चकतीला चिकटतो, आणि ओढलेली हवा बाहेर फेकली जाते. दाण्यावरचा थर घासून जी भुकटी सुटते ती त्या हवेबरोबर उडते. बी सुटं वाहावं म्हणून वर टाल्क (शंखजिऱ्याची पूड) टाकला असेल तर आणखी उडते. 2008 साली जर्मनीत ऱ्हाईन खोऱ्यात क्लोथियानिडिन हे कीटकनाशक लावलेल्या मक्याच्या पेरणीत हजारो पेट्यांतल्या माश्या मेल्या, त्या याच वाटेनं. थर दाण्याला नीट धरलेला नव्हता. मक्याच्या 1 लाख दाण्यांमागे 0.75 ग्रॅमहून जास्त धूळ सुटू नये, अशी मर्यादा तिथं नंतर घातली गेली.

आधी बिनऔषधाचं बी पेरायचं, मग औषधाचं. प्लांटर तोच, शेत तेच. क्रम उलटा झाला तर पंख्यात आणि पाइपात राहिलेली भुकटी बिनऔषधाच्या फेरीत येते आणि तुलना बाद होते. बिनऔषधाची फेरी टाळता येत नाही, कारण काळ्या मातीची नुसती धूळही माशीला त्रास देते. मातीनं किती मेल्या हे कळल्याशिवाय औषधानं किती, हे सांगता येत नाही.

पिंजऱ्याला मच्छरदाणीचं कापड लावू नका. त्यात धूळ अडकते आणि आतल्या माश्या ठणठणीत राहतात. इंचाला 8 छिद्रांची तारेची जाळी घ्या, तिच्यातून मेलीफेरा (पेटीत पाळतात ती युरोपीय मधमाशी) निसटत नाही. पेटीचं दार बंद करून बाहेरून परतणाऱ्या कामकरी माश्या धरायच्या. पिलाव्याच्या (अंडी-अळ्यांच्या) फ्रेमवरच्या कोवळ्या माश्या घेतल्या तर शेतावर उडणाऱ्या माशीचा निकाल मिळत नाही. एका पिंजऱ्यात 10 माश्या, इंजेक्शनच्या नळीतून साखरपाणी, लिटरला 500 ग्रॅम साखर.

वारा जिकडे जातो त्या दिशेला 1, 5, 10 आणि 20 मीटरवर बांबू रोवले आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला एक, तुलनेसाठी. पिंजरे माणसाच्या छातीच्या उंचीवर. प्रत्येक बांबूला 6 पिंजरे, म्हणजे एका फेरीला 300 माश्या आणि दोन्ही बियाण्यांच्या मिळून 600. बांबूला रंगीत फीत बांधा. फेरी चालू असताना फीत फिरली तर ती फेरी सोडून द्यायची, ओढूनताणून जमवायची नाही. ट्रॅक्टरनं ठरलेल्या ओळी पुऱ्या केल्या की पिंजरे लगेच काढायचे आणि ओल्या गोणपाटाखाली सावलीतून न्यायचे. ऑक्टोबर हिटमध्ये गाडीच्या बंद डिकीत ठेवले तर सगळेच पिंजरे मरतात, तुलनेचेसुद्धा.

धूळ मोजायला जमिनीवर काचेच्या बशा ठेवतात, ग्लिसरीन आणि पाणी निम्मेनिम्मे घालून. पण धूळ आडवी वाहते, बशीत पडते ती थोडीच. म्हणून पिंजऱ्याच्या उंचीवर ग्लिसरीनमध्ये भिजवलेलं गॉज (जखमेला लावतात ते विरळ कापड) उभ्या चौकटीवर ताणा. उडणाऱ्या माशीला काय भिडतं ते त्यावरून जास्त खरं कळतं.

आता मूळ गोम: ओलावा. इटलीत पादुआ विद्यापीठात झालेल्या कामात दिसलं, की धुरळ्यातून गेलेल्या माश्या दमट हवेत ठेवल्या तर पटापट मरतात, कोरड्या हवेत बऱ्याच तगतात. खानदेशच्या कोरड्या दुपारी चाचणी करून ‘काही होत नाही’ म्हणणं सोपं आहे. पण आपल्या पेट्या सावलीसाठी केळीच्या बागेच्या कडेला असतात, आणि पेटीच्या आत तर ओल असतेच. म्हणून दर बांबूचे 3 पिंजरे कोरड्या डब्यात आणि 3 दमट डब्यात ठेवले. घरातल्या मिठाचा पाण्यात दाट लगदा केला की बंद डब्यात आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास राहते; मॅग्नेशियम क्लोराईडच्या लगद्यानं 33 च्या आसपास. लगदा पिंजऱ्याला लागू देऊ नका. खोली 25 अंश, अंधारी. वीज गेली की तापमान हलतं आणि दमट डब्याच्या झाकणावर थेंब धरतात. थेंब पडून माशी भिजली तर ती विषानं मेली की पाण्यानं, हे कळायला मार्ग उरत नाही. झाकणाला आतून टिपकागद लावला की हा घोळ मिटतो.

4, 24 आणि 48 तासांनी मोजणी. मेलेल्या वेगळ्या आणि बाधलेल्या वेगळ्या. बाधलेली माशी पाठीवर पडते, पाय थरथरतात, सोंड बाहेर राहते. पिंजरा हलवला तरी सरळ होत नाही. तिला जिवंतात धरलं की 4 तासांचा आकडा फसवा येतो. 48 तासांनंतरही मर चढतीच असेल तर 96 तासांपर्यंत थांबा.

बिनऔषधाच्या फेरीत मर 10 टक्क्यांच्या वर गेली तर सगळा संच रद्द. आत असेल तर ती वजा करून हिशेब: तिथं 30 पैकी 3 मेल्या, म्हणजे 10 टक्के, आणि औषधाच्या फेरीत 21, म्हणजे 70; तर 70 वजा 10, भागिले 90, गुणिले 100, म्हणजे 66.7 टक्के. तुलना त्याच अंतराच्या, त्याच ओलाव्याच्या पिंजऱ्यांशीच करा.

मेलेल्या माश्या आणि गॉज वेगवेगळ्या पुड्यांत, अंतर आणि वेळ लिहून, लगेच उणे 20 अंशाला. उघड्यावर राहिल्या तर रात्रीत मुंग्या नेतात. अवशेष तपासायला प्रयोगशाळेत पाठवताना बिनऔषधाच्या फेरीचे नमुने वेगळ्या खोक्यात भरा.