नळीची वाट: बिबट्याला घाबरून गेलो, आग्या माश्यांनी फोडून काढलं

"रात्री माश्या निजलेल्या असतात. चांदण्यात नळी चढायची आणि उन्हं तापायच्या आत कोकणकड्यावर पोचायचं." आयोजकांच्या या वाक्यावर विश्वास ठेवून आम्ही ११ जण माघी पौर्णिमेच्या आदल्या रात्री अडीच वाजता पायथ्याच्या बेलपाड्याहून निघालो. आज चौथा दिवस आहे. माझा उजवा डोळा अजून अर्धाच उघडतोय, आणि माझ्या मित्राला काल जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवलं. पुढच्या दोन-तीन शनिवार-रविवारी बरेच गट याच वाटेने जाणार आहेत, म्हणून सूज उतरायची वाट न बघता लिहितोय.

नळीची वाट म्हणजे काय हे इथे फार सांगत बसत नाही. नळी म्हणजे कड्यातली धोंड्यांनी भरलेली उभी घळ. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याला कोकणातून थेट भिडणारी ही वाट आहे. चार-पाच तास धोंड्यांवरून उड्या मारत चढता येत नसेल, हार्नेस घालून आडव्या कातळावर शांतपणे उभं राहता येत नसेल, तर पाचनई गावातून वर येणाऱ्या सोप्या वाटेने जा. गड तोच आहे.

निघण्यापूर्वी आलेल्या सूचनांमध्ये आठ ओळी बिबट्यावर होत्या. एकटं मागे राहू नका, शौचाला जोडीने जा, टॉर्च चालू ठेवा. घोणस-फुरशांवर एक ओळ. आग्या मोहोळावर एक अक्षर नाही. माणशी २,८०० रुपये 'सुरक्षा साहित्यासह' घेतले होते. त्या साहित्यात दोर, हार्नेस, हेल्मेट होतं आणि ते चांगलं होतं, तेवढं मान्य करतो. प्रथमोपचाराच्या डब्यात मात्र क्रेप बँडेज, कापूस आणि दुखण्यावरचा स्प्रे, बस्स. ॲलर्जीची साधी गोळीसुद्धा नाही.

बिबट्याची भीती या वाटेवर तरी डोक्यातून काढून टाका. बिबट्या दबा धरून, अगदी जवळून झडप घालणारा प्राणी आहे. कुत्रं, शेळी, वासरू, म्हणजे आपल्याला सहज उचलता येईल असं भक्ष्य तो बघतो. अंधारात वाकून बसलेल्या माणसाला किंवा एकट्या लहान मुलाला त्याच्यापासून खरा धोका असतो. बोलत, धोंडे खडखडवत चढणाऱ्या ११ मोठ्या माणसांच्या वाटेला तो जात नाही. फुरशाचं मात्र लक्षात ठेवा. दगडाच्या फटीत वेटोळं करून ते भक्ष्याची वाट बघत बसतं, आणि डिवचलं की अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज काढतं. पुढच्या धोंड्याची वरची कड दिसत नसेल तर तिथे नुसता हात टाकू नका, आधी काठीने ठोका. हे दोन प्राणी एवढ्यातच संपवतो, कारण आमची गाठ तिसऱ्याशी पडली.

बेलपाड्यातल्या ज्या घरी चहा घेतला, तिथल्या मामांनी निघताना आमचा वास घेतल्यासारखं केलं आणि म्हणाले, "दादा, अंगाला सेंट लावून वर जाऊ नका. आणि ती डोक्यावरची बत्ती कड्यावर मारू नका." आमचा लीडर बरं म्हणाला आणि पुढे चालू लागला. मीही ऐकून सोडून दिलं. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी डिओ मारला होता.

ओढा, जंगल आणि नळीचा खालचा अर्धा भाग चांदण्यात मस्त गेला. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

साडेपाचच्या सुमाराला नळी अरुंद व्हायला लागली. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला आहे. त्यामुळे पौर्णिमेचा मावळतीकडे झुकलेला चंद्र पहाटे नेमका कड्यावर आणि नळीत पडतो. वाट इतकी स्वच्छ दिसत होती की टॉर्चची गरजच नव्हती, तरी सगळ्यांच्या चालू होत्या. तेव्हा पहिली माशी माझ्या हेडटॉर्चवर येऊन आपटली. मग दुसरी. मोठी, बोटाच्या पेराएवढी. पाच मिनिटांत पुढच्या तिघांच्या कपाळाभोवती दहा-पंधरा माश्या घोंगावत होत्या.

'रात्री माश्या निजलेल्या असतात' ही पहिली फसवणूक इथे कळली. आग्या माश्या चांदण्या रात्रीही मध-पराग गोळा करायला बाहेर पडतात. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत, अंधारात पोळं बांधते. आग्या माशीचं पोळं उघड्या कड्याला एकेरी लटकलेलं असतं, मीटरभर रुंद, कधी त्याहूनही मोठं, आणि त्याच्यावर हजारो माश्यांचा जिवंत पडदा असतो. अंधारात लख्ख उजेड दिसला की त्या उजेडाकडे येतात. पौर्णिमेची रात्र आणि ११ हेडटॉर्च हा या कड्याखाली सगळ्यात वाईट बेत आहे. रात्रीच चढायचं असेल तर अमावास्येच्या आसपास, लाल दिवा लावून, उजेड पायापाशी ठेवून चढा. मी आता रात्री चढणारच नाही.

टॉर्च बंद केल्या तशा माश्या पांगल्या. एकाने मात्र कपाळावरची माशी चापट मारून चिरडली, त्याला एक डंख बसला, आणि सगळे हसले. ती चापट मारायला नको होती.

साडेआठला आम्ही त्या आडव्या टप्प्याखाली आलो. ज्यांनी ही वाट केलीय त्यांना कुठला ते कळेल. डावीकडे कातळ, उजवीकडे दरी, पायाखाली घसारा, आणि सरळ रेषेत फार तर पन्नास-साठ फूट. दोर लावून एकेक जण सोडला तर ११ जणांना तासभर लागतो. आमचे सव्वा तासात चौघंच पलीकडे गेले होते. हा सव्वा तास आम्ही नेमके पोळ्यांच्या खाली होतो. वर कड्याच्या छताखाली पाच काळे पट्टे ओळीने लटकत होते. खालून ते ओलसर डागासारखे दिसतात, आणि मलाही आधी तसंच वाटलं. मग त्यातल्या एका डागावरून लाट गेली.

ही लाट ओळखायला शिका. पडद्यावरच्या माश्या एकीमागून एक पोट वर उचलतात आणि सेकंदाच्या आत पूर्ण पोळ्यावरून झुळूक गेल्यासारखी चमक सरकते. ही त्यांची पहिली तटबंदी आहे. शिकारीला आलेली गांधीलमाशी त्या चमकेने बिचकते, तिला एकटी माशी टिपता येत नाही. लाटा एकामागून एक येत असतील तर पोळं अस्वस्थ आहे असं समजा. आम्ही बघत होतो तेव्हा दर अर्ध्या मिनिटाला लाट जात होती. आम्ही त्याचा व्हिडिओ काढला. उलट पावली परतायची वेळ तीच होती.

पावणेदहाला पलीकडून घारीएवढा पक्षी आला आणि सरळ तिसऱ्या पोळ्यावर आदळला. मधुबाज. मोहोळघारही म्हणतात. मध आणि अळ्यांसाठी तो पोळंच फोडतो. त्याच्या तोंडावर खवल्यांसारखी घट्ट पिसं असतात, त्यामुळे नांगी आत जात नाही. पक्ष्यापुढे लाट चालत नाही, म्हणून माश्या थेट उठतात. पोळ्याचा तुकडा आमच्यापासून वीस फुटांवर पडला आणि आकाश काळं झालं. पक्षी निघून गेला. आम्ही दोराला अडकवलेले होतो.

आग्या माशीला सुडाची काही पडलेली नसते, पण तिच्या हत्याराची रचनाच अशी आहे की एक डंख पुढच्या शंभरांना बोलावतो. नांगीला उलटे काटे असतात. ती माणसाच्या कातडीत रुतते आणि विषाच्या पिशवीसकट तिथेच राहते. माशी मरते, पिशवी मात्र आकसत राहते आणि विष आत सोडत राहते. त्याच वेळी तिथून इशाऱ्याचा वास सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा. मला तो वास स्पष्ट आला. त्या वासावर बाकीच्या माश्या त्याच जागी येतात. पहाटे कपाळावर माशी चिरडलेल्या मुलाला सगळ्यात जास्त डंख कपाळावरच बसले. डोळे, नाकपुड्या, काळे केस, उच्छ्वास, काळं जॅकेट, हेच त्यांचं लक्ष्य असतं. माझा मित्र डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यात होता.

आता दुसरी फसवणूक. "माश्या आल्या की हलू नका, जागीच बसा" हे सगळीकडे सांगतात. एखाद-दुसरी माशी भोवती फिरत असेल तेव्हा ते बरोबर आहे. पोळं उठल्यावर मोकळ्या जागी निश्चल बसणं म्हणजे मरणाची वाट बघणं. पाय मोकळे असतील तर तोंड झाकून पळा, आणि शंभर पावलांवर थांबू नका, त्या बऱ्याच लांबपर्यंत पाठलाग करतात. हात हवेत मारू नका. पाण्याच्या टाक्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. बंद तंबू, बंद गाडी, बंद खोली मिळेपर्यंत चालत राहा.

पण त्या आडव्या टप्प्यावर पळायचं कुठे? टप्पा ओलांडलेले चौघे वर पळाले, त्यांना पाच-दहा डंखांवर भागलं. अलीकडचे पाच जण नळीत खाली उतरत गेले. तेही धोक्याचंच, एकाचा घोटा गेला. मधे दोरावर आम्ही दोघं. माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात पावसाळी पोंचो होता. तो मी आम्हा दोघांवर ओढला, कडा पायाखाली दाबल्या, तोंड कातळाला लावलं आणि तसेच बसलो. हार्नेस सोडला नाही. मित्राने एकदा सोडायचा प्रयत्न केला, मी त्याचा हात धरून ठेवला. पोंचो येईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात त्याला बसले त्यापेक्षा जास्त डंख नंतरच्या वीस मिनिटांत बसले नाहीत. माझ्या अंगातून नंतर ४३ काटे, म्हणजे रुतलेल्या नांग्या, काढले. त्याचे शंभरानंतर मोजले नाहीत.

म्हणून आडव्या टप्प्यावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात किंवा कमरेला पोंचो नाहीतर जाड चादर घडी करून बांधलेली पाहिजे. सॅकच्या तळाशी असलेली उपयोगाची नाही. हेल्मेटवरून घालायची जाळीची टोपी मिळते, हलकी असते, ती घ्या. कपडे फिकट, पूर्ण बाह्यांचे. डिओ, अत्तर, वासाचं तेल काही नको. तो दुखण्यावरचा स्प्रे तर पोळ्यांखाली काढूच नका. शेकोटी, सिगारेट, फटाका, ड्रोन यातलं काही कोणी काढलं तर गट तिथूनच मागे फिरवा. आणि सहापेक्षा जास्त माणसं नेऊ नका. आमचा खरा दोष संख्येचा होता. सहा जण असतो तर पक्षी येईपर्यंत आम्ही टप्पा जवळपास ओलांडलेला असता.

माश्या शांत झाल्यावर सगळ्यात आधी काटे काढा. नखाने, चिमटीने, कशानेही. आमच्यात एक जण कार्डाने खरवडायचं म्हणून पाकीट शोधत बसला. तेवढ्या वेळात पिशवी रिकामी होते. लवकर निघणं महत्त्वाचं, कसा काढला हे नाही. चुना, तंबाखू, लोखंड घासणं यात वेळ घालवू नका.

पंधरा मिनिटांत मित्राचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, मग उलटी. ही साध्या सुजेची लक्षणं नव्हेत. अशा वेळी मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, गोळ्यांनी ते काम होत नाही. ज्यांना आधी माशीची ॲलर्जी झालीय त्यांनी डॉक्टरांना विचारून ते बरोबर ठेवावं, नाहीतर या वाटेला जाऊ नये. माझ्या पाकिटात ॲलर्जीच्या दोन गोळ्या होत्या, त्या त्याला दिल्या. नशिबाने श्वास पूर्ण अडला नाही. वर कोकणकड्यावर पोचायला आम्हाला तीन तास लागले, एरवी दीड तास लागतो. कडा, मंदिर, केदारेश्वर, काही पाहिलं नाही.

पाचनईला उतरलो तेव्हा अंधार पडत होता. तिथल्या एका जीपवाल्याने राजूरपर्यंतचे ५,५०० रुपये सांगितले. सुजलेल्या माणसाकडे बघत सांगितले, आणि एक रुपया कमी केला नाही. आम्ही दिले. १०८ची रुग्णवाहिका फुकट असते, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही याचा मला जीपवाल्यापेक्षा जास्त राग आहे. मोबाइलला रेंज मिळेल तिथे पहिला फोन १०८ला लावा, पाचनईत गाडी थांबलेली असेल असं बघा.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बरं वाटत असूनही रात्रभर ठेवून घेतलं. इतके डंख असतील तर विषाचा मारा मूत्रपिंडावर होतो, आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतो. लघवी चहासारखी गडद झाली किंवा कमी झाली तर लगेच परत या, असं त्यांनी बजावलं. मित्राची तिसऱ्या दिवशी झाली. म्हणून त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवावं लागलं. पन्नासच्या आसपास किंवा जास्त डंख असतील तर 'मी ठीक आहे' म्हणत घरी जाऊ नका.

ही वाट बंद करा, पोळी जाळा असं कृपा करून कोणी म्हणू नका. कडा त्यांचा आहे. दिवाळीनंतर त्या येतात, कड्यावर वाढतात, पावसाच्या आधी निघून जातात. आपल्याला चढायला सोयीचा तोच हंगाम आहे, ही अडचण आपली. जायचं तर गावातला वाटाड्या घ्या आणि यंदा पोळी कुठे आहेत हे त्याला विचारा, जागा दरवर्षी थोडी बदलते. ज्याला फक्त कोकणातून घाटावर चढायचंय त्याने साधले घाट धरावा.

एक राहिलं. आमचा दोर त्या आडव्या टप्प्यावरच आहे, निळा, १० मिलिमीटरचा, दोन खिळ्यांना अडकवलेला. तो सोडवायला कोणी थांबलं नाही. मधे एका ठिकाणी तो कातळाच्या धारेवर घासत होता आणि तिथे आम्ही काही बांधलं नव्हतं. तयार दोर दिसला म्हणून त्यावर भार टाकू नका, आपला दोर लावा. शक्य झालं तर आमचा कापून खाली आणा, बेलपाड्यात मामांकडे ठेवा.