वेल्डिंगचा उजेड आणि हानेस आल्फव्हेन

वखराची पास तुटली म्हणून आज वसमतला वेल्डिंगच्या दुकानात गेलो. सोबत भाचा. रॉड लोखंडाला टेकला, निळसर-पांढरा उजेड फुटला, तसं मी त्याचं तोंड फिरवलं. "मामा, हा जाळ हाय का?" "नाही रे, हा प्लाझ्मा. वायू इतका तापतो की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. आभाळातली वीज म्हणजेही हेच."

मग घरी येईपर्यंत त्याला प्लाझ्माचा अभ्यास करणारे भौतिकशास्त्रज्ञ हानेस आल्फव्हेन सांगत बसलो. जन्म 1908, स्वीडन. 1942 मध्ये त्यांनी मांडलं की प्लाझ्मातल्या चुंबकीय रेषा ताणलेल्या तारेसारख्या थरथरतात आणि त्यांवरून लाटा धावतात. कुणी मनावर घेतलं नाही. विजेच्या चांगल्या वाहकात अशी विद्युतचुंबकीय लाट शिरूच शकत नाही, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. 1948 मध्ये शिकागोत नामवंत भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मींनी आल्फव्हेन यांचं व्याख्यान ऐकून मान डोलावली, मग बाकीच्यांनाही पटलं म्हणे. मला याचा अजून राग येतो. गणित तर आधीपासून तेच होतं ना!

1970 मध्ये नोबेल मिळालं. पुढे अण्वस्त्रांविरुद्धही ते ठामपणे बोलत राहिले.

सूर्याचा पृष्ठभाग साधारण 5500 अंश, पण बाहेरचं विरळ वातावरण, म्हणजे प्रभामंडळ, 10 लाख अंशांच्या वर. ही उष्णता तिथवर कशी पोचते, याच्या उत्तरात आल्फव्हेन लाटांचं नाव आजही पुढे आहे. आपलं आदित्य एल-1 यान त्याच प्रभामंडळाकडे बघतंय. यावर पोरांना समजेल असं मराठीत काही असेल तर मला नक्की पाठवा.