डबा कधी संपतो?

रविवारी दुपारी आमच्या तेलाच्या घाण्यावर दोन मुलं आली. दोघंही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, पुण्यात नऱ्ह्याला रूम करून राहणारी. ज्वारी-नाचणीची बिस्किटं करून विकायची असं त्यांनी ठरवलंय. बसायच्या आधीच एकाने विचारलं, "ताई, मार्केटिंगला महिन्याला किती पैसे बाजूला काढायचे?"

मी चहा सांगितला आणि गल्ल्याखालची निळी वही काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांना ती उधारीची वाटली. तासभर बोललो तरी बरंच राहून गेलं, म्हणून इथे लिहितेय.

धायरीत आमचा लाकडी घाणा सुरू होऊन चार वर्षं झाली. शेंगदाणा, करडई, तीळ, खोबरं. करडई बार्शीहून मामा पाठवतो, दाणे मार्केट यार्डातून येतात. 15 किलो दाणे घातले की सहा लिटरच्या आसपास तेल निघतं. ते दोन-तीन दिवस ठेवायचं, गाळ खाली बसला की भरायचं. पेंड गोठेवाले नेतात. लिटरमागे अडीच किलो दाणे लागतात म्हटल्यावर तेल रिफाइंडपेक्षा महाग पडणारच. ते महाग का, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावं लागतं, आणि पहिल्या वर्षी मी नेमकं तेच सोडून बाकी सगळं सांगत होते.

पहिल्यांदा 3,000 पत्रकं छापली आणि रविवारच्या पेपरात घालून वाटली. छपाई आणि टाकणावळ मिळून 4,500 रुपये गेले. नऊ फोन आले, तिघांनी तेल नेलं. पत्रकावर मोठ्या अक्षरांत 'कोलेस्टेरॉलमुक्त' असं होतं. त्या नऊ फोनमध्ये एक फोन रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सरांचा होता. म्हणाले, "बाळ, कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या चरबीत असतं. शेंगदाण्याच्या तेलात ते नसतंच, मग तुझं असो की कुणाचं. तुझ्या तेलाचं वेगळं काय ते सांग." मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं: एक लिटर तेल, अडीच किलो दाणे, आजचा दाण्याचा भाव अमुक. तो फळा आजही रोज बदलतो. सर अजून तेल नेतात, आणि आत येताना आधी फळा वाचतात.

मुलांनी बिस्किटाच्या पाकिटाचं डिझाइन आणलं होतं. त्यावर 'मधुमेह बरा करणारी' असं होतं. ते मी तिथल्या तिथे खोडायला लावलं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्यात 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पण मला राग त्याहून वेगळ्या गोष्टीचा आला. कुणाची तरी आई त्या पाकिटावर विश्वास ठेवून गोळी चुकवेल. त्या जागी नाचणी किती टक्के, साखर किती, भाजली कुठे ते लिहा, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (FSSAI) 14 अंकी परवाना क्रमांक आधी घ्या, असं सांगितलं.

रीलचं त्यांनी विचारलंच. आमच्या घाण्याची एक रील 63,000 जणांनी पाहिली होती. लाकडी उखळीत मुसळ फिरतंय, पहिली धार पडतेय, एवढंच. फोन आले नाशिकहून, लातूरहून, सुरतेहून. पाच लिटरचा डबा सुरतेला पाठवायचा म्हणजे कुरिअरलाच नफा देऊन टाकायचा. त्या महिन्यात रीलमुळे आलेली पुण्यातली गिऱ्हाइकं चार. याच्या कितीतरी पट लोक आले ते गूगल मॅपवरून, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही. आमचा पिन मागच्या गल्लीत पडला होता, तो सरकवला. दुकानाचा फोटो रस्त्यावरून जसं दिसतं तसा टाकला. वेळ लिहिली: दुपारी 1 ते 4 चालू. पुण्यात या वेळेत दुकान बंद असणार असं लोक धरूनच चालतात. शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या आया दुपारी येऊन निवांत चौकशी करू लागल्या, त्या या एका ओळीमुळे.

खरी गिऱ्हाइकं मात्र सोसायट्यांमधून मिळाली. सेक्रेटरींची परवानगी काढायची, रविवारी सकाळी क्लबहाऊसजवळ टेबल लावायचं, शेगडी न्यायची आणि समोर पापड तळून द्यायचे. वास पसरला की लोक आपोआप थांबतात. सोबत 100 मिलिच्या बाटल्या, 40 रुपयांना. फुकट कधीच दिल्या नाहीत. फुकट नेलेली बाटली ओट्याच्या कोपऱ्यात पडून राहते; 40 रुपये दिलेत म्हटल्यावर बाई त्याच दिवशी फोडणी करून बघते.

अशाच एका सोसायटीतल्या आजी पुढच्या रविवारी बाटली घेऊन परत आल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, तळताना कढईभर फेस आला. यात काहीतरी भेसळ आहे." माझे हातपाय गार पडले. टेबलाभोवती सात-आठ जण होते. मी त्यांच्याच बाटलीतलं तेल कढईत ओतलं, मंद आचेवर ठेवलं आणि फेस येताना दाखवला. रिफाइंड करताना तेलातला चिकट अंश काढून टाकतात. घाण्याच्या तेलात तो राहतो, थोडा ओलावाही असतो, म्हणून पहिल्यांदा तापवताना फेस येतो. मोठी कढई घ्या, आच कमी ठेवा, थोडं थोडं तळा. आजींनी स्वतः दोन कुरडया तळल्या, खाल्ल्या, आणि एक लिटर मागितलं. पुढच्या महिन्याभरात त्यांच्या इमारतीतली अकरा घरं आली. तेव्हापासून प्रत्येक बाटलीच्या गळ्यात फेसाबद्दलची चिठ्ठी असते. फेस दाखवणारी एक साधी रीलही केली, ती सोसायट्यांच्या ग्रुपवर अजून फिरते. 63,000 वाल्या रीलपेक्षा ती मला जास्त प्रिय आहे.

माझे आजोबा किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात होते. लोखंडाने जमिनीत विष उतरतं या समजुतीपायी शेतकरी लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगराला सुरुवातीला हातही लावत नव्हते, हे ते नेहमी सांगायचे. लहानपणी ती गोष्ट नांगराची वाटायची. आजींच्या फेसानंतर ती मला नीट कळली.

आता वही. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा साधारण 45 दिवस पुरतो. गिऱ्हाईक डबा नेतं तेव्हा मी तारीख लिहिते, घरात माणसं किती ते विचारते आणि संपायचा अंदाज समोर मांडते. त्या तारखेच्या चार दिवस आधी फोन किंवा मेसेज: "काकू, तेल संपत आलं असेल ना? गुरुवारी तुमच्या बाजूला येतेय." हे करायच्या आधी दहातली सहा घरं दुसऱ्यांदा येतच नव्हती. तेल आवडलं नाही म्हणून हे होतंय असं मी धरून चालले होते. विचारल्यावर कळलं की तेल रात्री आठला, फोडणीच्या वेळी संपतं, आणि मग खालच्या दुकानातून पिशवी येते. एकदा पिशवी आली की महिनाभर माझी आठवण यायचं कारण नाही.

वहीत आणखी खुणा असतात. कुणाच्या घरी गणपतीला तळणीचे मोदक असतात, कुणाकडे बाळाच्या मालिशला खोबरेल लागतं, कुणाचा मुलगा सुट्टीला येतो. दिवाळीचा डबा मी पंधरा दिवस आधीच विचारते, कारण चकल्या एकदा दुसऱ्या तेलात तळल्या गेल्या की ती संधी परत यायची नाही.

व्हॉट्सॲपबद्दल एकच सांगते, कारण यात मी तीन महिने घालवले. ब्रॉडकास्टच्या एका यादीत 256 जण बसतात, पण मेसेज जातो फक्त ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच. म्हणून बिल करतानाच म्हणायचं, "काकू, जरा आत्ताच सेव्ह करता का? 'घाणा तेल' नावाने." लोक आनंदाने करतात.

सवलतीचा माझा अनुभव वाईट आहे. 20 टक्के सूट दिली तेव्हा आलेली माणसं सूट संपल्यावर दिसली नाहीत. त्याऐवजी रिकामा स्टीलचा डबा परत आणला की 30 रुपये कमी, आणि सील-लेबल लावलेला दुसरा भरलेला डबा, असं सुरू केलं. आमचा डबा ज्यांच्या ओट्याखाली आहे ते परत येतात. आणि मोठ्या ऑर्डरची भूल पडू देऊ नका. एका केटरिंगवाल्याने 18,400 रुपयांचं तेल उधारीवर नेलं, अजून एक पैसा आलेला नाही. त्या पैशांत दोन महिन्यांचं दुकानभाडं सुटलं असतं. आता घरगुती असो की केटरर, पैसे आधी.

मुलं जाताना मी त्यांना विचारलं, "बिस्किटाचा एक पुडा एका घरात किती दिवस पुरतो?" दोघंही गप्प झाले. मग एक म्हणाला, "आमच्या रूमवर एका रात्रीत संपतो." त्यांना दहा पुडे वेगवेगळ्या दहा घरांत द्यायला सांगितले, पैसे घेऊन, आणि प्रत्येक पुड्यावर तारीख टाकायला. एक पुडा मीही घेतला, 60 रुपयांना. साखर थोडी जास्त आहे, पण भाजणी छान जमलीय. आज बुधवार, आमच्या घरात अजून चार बिस्किटं शिल्लक आहेत. उद्या त्यांचा फोन येतो का, ते बघतेय.