अडीच आण्यांच्या तिकिटावरील बैल

पुण्याच्या जुन्या बाजारात तिकिटांचे अल्बम चाळणाऱ्या नवख्या संग्राहकाला मी एक जांभळे तिकीट आवर्जून दाखवतो. १९३७ साली सहाव्या जॉर्जच्या चित्रासह निघालेल्या मालिकेतील ते अडीच आण्यांचे तिकीट असून त्यावर टपालाची बैलगाडी आहे. १८५४ साली देशभर तिकिटे सुरू झाल्यापासून जवळजवळ पाऊणशे वर्षे त्यांवर केवळ राजाराणीचे मुखवटे छापले गेले. पुढे विमान, नवी दिल्लीच्या इमारती, मंदिरे आणि ताजमहाल आले. ज्या देशाचे पोट बैलाच्या खांद्यावर चालत होते, त्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर बैल आला तो एवढ्या एकाच चित्रात, आणि तोही नांगराला नव्हे, तर डाकेच्या गाडीला जुंपलेला. हरकारा, टांगा, उंट, आगगाडी, आगबोट, मोटार आणि विमान यांच्या रांगेत त्याला जागा मिळाली, कारण सरकारला तेथे टपालाची वाहने दाखवायची होती.

हे मला अधिकच खटकते, कारण त्या वेळी व्हाइसरॉय असलेले लॉर्ड लिनलिथगो हे १९२६ ते १९२८ या काळात शेतीविषयक शाही आयोगाचे अध्यक्ष होते आणि गोवंशसुधारणेचा त्यांना विशेष ध्यास होता. पुण्यात कृषी महाविद्यालयही केव्हाच उभे राहिले होते. शेतकऱ्याविषयी अहवाल लिहिले जात होते. त्याचे चित्र मात्र तिकिटावर आले नाही.

संस्थानांपैकी जयपूरने १९३१ साली तिकिटावर बैलांचा राजरथ छापला, पण तो दरबारी थाट होता. इतर वसाहतींत शेती दिसते ती बहुधा विक्रीच्या मालाच्या रूपात: सिलोनच्या १९३५च्या मालिकेत रबराचा चीक काढणारा मजूर आणि चहाची खुडणी, नायजेरियाच्या १९३६च्या मालिकेत कोको आणि एक शिलिंगाच्या तिकिटावर फुलानी लोकांची गुरे. सिलोनने डोंगरउतारावरील भातशेती आणि प्राचीन तलावही छापले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

चित्र छापणे अवघड होते, असेही म्हणता येत नाही. ब्रह्मदेश वेगळा झाल्यावर त्याच्या १९३८च्या मालिकेतील साडेतीन आण्यांच्या तिकिटावर भातशेती आली आणि ती मालिका आपल्या नाशिकच्याच सरकारी छापखान्यात छापली गेली. म्हणजे शेत तिकिटावर उतरवण्याची कला आमच्याच कारागिरांच्या हातात होती. केवळ आमचे शेत छापावे असे ठरवणारा कोणी नव्हता. ते ठरले २६ जानेवारी १९५५ रोजी, जेव्हा पंचवार्षिक योजनेच्या मालिकेत नऊ पैच्या तिकिटावर विहिरीचे पाणी ओढणारे बैल आणि तीन पैच्या तिकिटावर ट्रॅक्टर एकदमच आले. माझ्या अल्बमात ही दोन्ही तिकिटे १९३७च्या बैलगाडीच्याच पानावर लावली आहेत, कालक्रम मोडून.