दहा टॉवेल, तीन खराब

काल रात्री जेवणं झाल्यावर भाची वही घेऊन आली, बीएस्सीला आहे ती. म्हणाली मामा हे बघा ना, दहातले तीन खराब, त्यातले तीन काढायचे आणि परत ठेवायचे नाहीत, खराब किती निघतील त्याचं डिस्ट्रिब्युशन, म्हणजे शून्य, एक, दोन, तीन खराब निघायची प्रत्येकाची शक्यता काढायचीय. आता मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या चेकिंगला, टॉवेल उजेडात धरायचा, सुटलेला धागा किंवा तेलाचा डाग दिसला की बाजूला, बघितलेला परत गठ्ठ्यात कोण घालतंय? म्हणजे हे तर आमचं रोजचंच काम की!

तिनं बायनॉमियल लावलं होतं, म्हणजे दर वेळी खराब निघायची शक्यता तीच ०.३ धरली होती, तिन्ही खराब निघायची शक्यता ०.३ चा घन, ०.०२७. पण एक खराब काढला की उरलेल्या नवात खराब दोनच राहतात, आणि दुसराही खराब निघाला तर आठात एकच. म्हणून ३/१० गुणिले २/९ गुणिले १/८, म्हणजे १/१२०. ०.०२७ च्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, केवढा फरक बघा. सगळं डिस्ट्रिब्युशन सरळ मोजूनच येतं, दहातून तीन निवडायचे १२० प्रकार, त्यात एकही खराब नसलेले ३५, एक खराब ६३, दोन खराब २१, तिन्ही खराब १, बेरीज बरोबर १२०. हेच हायपरजिओमेट्रिक, नाव अवघड आहे एवढंच.

पण ती खरी अडली पुढं. सरासरी काढली तर ०.९ आली, बायनॉमियलचीपण ०.९च. शक्यता दर वेळी बदलतेय तर सरासरी सेम कशी? मग घरातले दहा नॅपकिन घेतले, तिघांना आतून सेफ्टी पिन लावली, चांगले मिसळून त्यातले कुठलेही तीन घड्या करून एका ओळीत ठेवले आणि विचारलं, पहिला उघडायचाच नाही, थेट मधल्यावर हात ठेव, त्यात पिन असायची शक्यता किती? थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली ३/१०च ना, तो काय पहिला काय, कुठलाही नॅपकिन तिथं येऊ शकतो. अगदी! २/९ किंवा ३/९ होतं ते पहिला उघडून बघितल्यावर. सरासरीला कोण आधी उघडलं याच्याशी घेणंदेणं नाही, ३/१० तीनदा, झालं ०.९. व्हेरिअन्स, म्हणजे सरासरीभोवती आकडे किती पसरतात ते माप, मात्र बायनॉमियलच्या ०.६३ वरून ०.४९ वर येतो, कारण एक खराब निघाला की पुढचा खराब निघायची शक्यता कमी होते.

शेवटी तिनंच विचारलं, गठ्ठ्यात हजार असले आणि तीनशे खराब, तर? केलं कॅल्क्युलेटरवर, तिन्ही खराब ०.०२६८. बायनॉमियलच्या एकदम जवळ.